पोपटाची वाकडी चोच

फोन आला तेव्हा मी हिंजवडीहून निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये उभी होते. जागा होती, पण मला मुळी एका ठिकाणी बसवतच नाही. "ताई गेली," एवढंच नवरा म्हणाला. आणि माझ्या डोक्यात आलं काय, तर मण्यांच्या पोपटाची चोच! माझी मलाच लाज वाटली. दीड महिना झाला, ती चोच काही डोक्यातून जात नाही.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. खडकीच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर तीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर धायरीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आल्या. नजर अशी, की माझ्या पोळीचा कच्चा काठ त्यांना दारातून दिसायचा. "रिजेक्ट," म्हणायच्या आणि तीच पोळी मुकाट्याने खायच्या. गेल्या सुट्टीत माझ्या नऊ वर्षांच्या मुक्ताला मण्यांच्या पट्ट्या विणायचं वेड लागलं. मला कुठला वेळ? "अगं, मी शिकते की तिच्याबरोबर," वन्सं म्हणाल्या. जुन्या फोटोच्या चौकटीला खिळे ठोकून माग केला, त्यावर उभे दोरे ताणले आणि मोबाइलवर बघत दोघी बसल्या. आडव्या दोऱ्यात मणी ओवायचे, ते खालून उभ्या दोऱ्यांच्या फटींत दाबायचे आणि परतताना सुई दोऱ्यांच्या वरून त्याच मण्यांतून न्यायची. पहिल्या दिवशी या दोघींनी सुई खालूनच परत नेली! चौकट उचलताच सगळ्या ओळी झोळीसारख्या लोंबल्या. मुक्ता रडवेली. वन्सं मात्र पोट धरून हसल्या, "तीस वर्षांत एका दिवशी एवढा माल रिजेक्ट केला नव्हता गं!" मग नियमच झाला, एक मणी चुकला तरी अख्खी ओळ उसवायची. मुक्ता आत्यालाही सोडायची नाही. "आत्या, वरून! सुई वरून!" हे आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं.

त्या शेवटच्या रविवारी पोपटाची पट्टी मागावर होती. मी स्कूटरची किल्ली हातात घेऊन दारात. बघते तर तीन ओळींत लाल चोच एक मणी डावीकडे सरकलेली.

"काय वन्सं, आज तुमचाच माल रिजेक्ट!"

त्यांनी चौकट लांब धरून बराच वेळ पाहिलं. "कुठे गं?... मला दिसतच नाहीये."

"चष्मा बदला आता," मी हसून म्हटलं आणि निघाले.

चौथ्या दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन त्या गेल्या. आधी कळलं असतं तरी काही करता आलं असतं की नाही, सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणोत. जिला माझ्या पोळीचा काठ दारातून दिसायचा, तिला हातातली चोच दिसेना, आणि मी चष्म्यावर भागवलं! तेव्हापासून ओटा तीन-तीनदा पुसते, धुतलेले कपडे पुन्हा धुते. माग फ्रिजवर पालथा घालून ठेवला होता.

परवा मुक्ताने तो खाली काढला आणि कात्री घेऊन बसली. "तीन ओळी उसवायच्यात. आत्याचाच नियम आहे."

"उसवू नकोस!" मी ओरडलेच. मग तिच्यापाशी बसून सगळं सांगून टाकलं. मला चूक दिसली होती, मी हसले, आणि निघून गेले...

मुक्ताने त्या चोचीवर बोट ठेवलं. "आई, मला पण दिसली होती. तुझ्या आधी. आत्याला वाईट वाटेल म्हणून मी बोललेच नाही."

म्हणजे माझी पोर दीड महिना हे एकटी घेऊन फिरत होती! मी तिला जवळ ओढलं. "वेडे, तुझं काय चुकलं त्यात? प्रेमाने गप्प बसलीस. तुला कसं कळणार होतं?"

"मग तुला कसं कळणार होतं?" ती म्हणाली.

तिने कात्री ठेवली आणि सुई माझ्या हातात दिली. चोच वाकडी आहे तशीच ठेवून पुढची ओळ घेतली. मणी ओवले, खालून दाबले, आणि परतताना माझा हात चुकलाच.

"आई, वरून! सुई वरून!"

ओळ पुरी होईपर्यंत मी उठले नाही.