कारखान्यातली बाहेरची लाइन

पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात नवे फोन बसवायला अष्टमी गावात फोनचं दुकान असलेले एक गृहस्थ आले. सीझनात फोन तुटला की गिऱ्हाईक शेजारच्या कारखान्यात जातं, म्हणून मी विचारलं, "बाहेरची लाइन जुनी तारेचीच ठेवू की इंटरनेटची घेऊ?"

ते चटकन कधीच सांगत नाहीत. जातील तिथे दोन्ही लायनींवरून, स्पीकर लावून, बायकोला फोन करतात.

तारेवर नुसती खरखर. इंटरनेटवर मात्र वहिनींचा आवाज कारखानाभर घुमला, "जेवायला येतो म्हणालात. कालवण गार झालं."

त्यांनी शांतपणे फोन ठेवला. "हीच घ्या. एक शब्द सुटत नाय."

"तुमच्या दुकानात कुठली?"

"तारेचीच हाय," चपला घालत ते म्हणाले. "घरचे फोन तिच्यावरच येतात."