उजवा हात, डावा कान

"मुलगा सतराच वर्षांचा आहे. जर्मनीवाले अठरा पूर्ण मागतात. अर्ज परत करा," आमचे हेडक्लार्क बडे बाबू म्हणाले आणि त्यांनी फाईल माझ्या टेबलावर सरकवली.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. मी बुलढाण्याच्या कलेक्टर कचेरीत क्लार्क होतो. पासपोर्टचे अर्ज आमच्यामार्फत मुंबईला जात. माणूस खरा आहे, जन्मतारीख बरोबर आहे, एवढं आम्ही लिहून द्यायचं.

हा अर्ज सोनाळ्याच्या प्रल्हाद वानखडेचा होता. पश्चिम जर्मनीत आधी एक वर्ष कारखान्यात काम, मग इंजिनिअरिंग कॉलेज. काम करायचं तर तिथलं वर्क परमिट लागतं, आणि ते पासपोर्टावरची जन्मतारीख बघून मिळतं. कारखान्याच्या पत्रात साफ लिहिलं होतं, रुजू होण्याच्या दिवशी अठरा पूर्ण हवीत. शाळेच्या दाखल्याप्रमाणे प्रल्हादला चार महिने कमी पडत होते. त्याची जागा पुढच्या वर्षासाठी कोणी राखून ठेवणार नव्हतं.

त्याचे वडील सखाराम टेबलासमोर उभे होते.

"साहेब, पोराले अठरा कवाच पुरे झाले. कोतवाल बुकात पाहून घ्या."

कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही. सखारामांनी तिची नक्कल आणली होती. त्यात वय वर्षभराने जास्त निघत होतं. पण बाळाच्या नावाची जागा कोरी. फक्त 'मुलगा'. कोतवाल नोंद करायचा तेव्हा बारसं झालेलं नसायचं.

"हा मुलगा म्हणजे प्रल्हादच कशावरून?" बडे बाबूंनी विचारलं.

"तीन पोरी अन् हा एकच पोरगा. मंग दुसरा कोन राहीन, साहेब?"

बडे बाबूंना हसू आलं, ते त्यांनी पानाबरोबर गिळलं. "ते ठीक. पण शाळा दुसरंच सांगते. दोन कागद भांडत असले की अर्ज पुढे जात नाही."

शाळेत तारीख इंगळे गुरुजींनी घातली होती. मी त्यांना पत्र टाकलं. पाचव्या दिवशी गुरुजी सखारामांना घेऊन एसटीने खामगावमार्गे स्वतःच हजर झाले. काळा कोट, बगलेत शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, आणि चेहरा रागाने लाल.

"बत्तीस वर्षं नोंदी करतो आहे. एक खोटी दाखवा."

"खोटी नाही म्हणत, गुरुजी. वय ठरवलं कसं?"

"सगळ्यांचं ठरवतो तसं. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. हात पोचला की सहा पूर्ण. याचा पोचला नाही. पाच लिहून बालवर्गात बसवला."

मी फाईल पुन्हा उघडली. पासपोर्टच्या फॉर्मात शरीरावरच्या ओळखखुणेचा एक रकाना असतो. तो भरून घेतात, वाचत कोणी नाही. मीही वाचला नव्हता. प्रल्हादने लिहिलं होतं: 'उजवा हात कोपरात वाकडा.'

"हा हात कधी मोडला?"

"चार वर्साचा असन," सखाराम म्हणाले. "बैलगाडीवरून पडला. गावातच बांधला, वाकडाच जुळला."

सखारामही गुरुजींचेच विद्यार्थी. गुरुजी त्यांच्यावर कडाडले, "मंग तवा काऊन नाही सांगितलं बे?"

"तुमी इचारलंच नाही, गुरुजी. तुमी म्हनले कान धर. पोरगं बिचारं लय झटलं."

गुरुजी तरी मानेनात. नियम सगळ्यांना सारखा, हात पोचला पाहिजे, एवढंच त्यांचं चाललं होतं.

तेव्हा बडे बाबू उठले. त्यांचा उजवा खांदा वर्षभर आखडलेला होता. टोपीसुद्धा ते डाव्या हाताने घालत. गुरुजींसमोर जाऊन त्यांनी उजवा हात उचलला. तो गालापर्यंत गेला आणि थांबला.

"गुरुजी, मला अजून सहा पूर्ण नाहीत. बालवर्गात घेता का?"

सगळी कचेरी हसली. सखाराम खाली मान घालून हसले. सर्वांत शेवटी गुरुजी हसले, आणि त्यांनी पेन मागून कागदावर लिहून दिलं: 'दाखल करतेवेळी वय अंदाजाने लिहिले. मुलाचा हात अधू असल्याने अंदाज चुकला.' खाली सही केली, शाळेचा शिक्का मारला. शिक्का त्यांनी कोटाच्या खिशात बरोबरच आणला होता.

सखारामांचं मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र झालं. अर्ज मुंबईला गेला. पासपोर्ट आला, मग व्हिसा, आणि प्रल्हादने मलकापूरला गाडी धरली. जर्मनीत कारखान्याच्या डॉक्टरांनी हात तपासून त्याला कामासाठी पास केलं. परमिट मिळाल्यावर त्याने पोस्टकार्ड पाठवलं. 'इथे कोणी कान धरायला सांगितलं नाही,' असं शेवटी लिहिलं होतं. बडे बाबूंनी ते कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तेवढंच घरी नेलं.

बडे बाबू गेल्या महिन्यात वारले. त्यांचा खांदा शेवटपर्यंत सुटला नाही. मी त्यांच्या निवृत्तीनंतरही बरीच वर्षं पासपोर्टच्याच टेबलावर होतो. प्रत्येक फॉर्म ओळखखुणेच्या रकान्यापासून वाचायला घ्यायचो. बहुतेकांनी तीळ लिहिलेला असायचा.