पिवळ्या बाहीचा रेनकोट

आधी कबूल करते, या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचत आले. भूत, भानामती, उतारा... आमची आई मालवणची, पण तीसुद्धा या भानगडीत पडत नाही. माझा विश्वास शिवणीवर चिकटवलेल्या टेपवर आणि कोरड्या कपड्यांवर. अंधेरी एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये मी सतरा वर्षं रेनकोट तपासते आहे. पाणी कुठून आत शिरेल, हे कोट हातात घेतला की मला कळतं.

तेव्हा आम्ही विक्रोळी पश्चिमेला राहायचो. डोंगराच्या उतारावरची सगळ्यात वरची ओळ, घरामागे दगडी संरक्षक भिंत आणि तिच्यावर माती, झाडी. घरात आई आणि मी, दोघीच. आईचे गुडघे गेलेले. पावसाळ्याआधी छपरावर ताडपत्री ताणायची आणि दाराशी एक बॅग भरून ठेवायची — कागदपत्रं, टॉर्च, गोळ्या, सुकी साडी, चिक्की. वेळ आली तर बॅग उचलून खालच्या शाळेत जायचं. अख्ख्या ओळीला ही सवय मी लावली. फक्त एक शहाणपण जास्त केलं. भाचे येऊन चिक्की फस्त करायचे, म्हणून बॅगेच्या चेनला छोटं कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. म्हणजे मी घरी नसताना संकट आलं तर बॅग उघडणार कोण, हा विचार या हुशार बाईने केलाच नव्हता.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै, बुधवार. दुपारी अडीचला शेजारच्या शालूताईचा फोन आला.

"भिंतीतून गढूळ पाणी यायला लागलंय गं. आम्ही सगळे खाली चाललोय. तुझी आई हलायला तयार नाही. म्हणते, लेक आल्याशिवाय दार ओढणार नाही. तू ये ना लवकर."

"निघालेच," मी म्हटलं.

निघाले नाही. इथेच मला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी माल जायचा होता, सुपरवायझर समोर उभा, आणि शालूताई दर पावसात असा एक फोन करतेच... मनाशी म्हटलं, हातातला गठ्ठा संपवू आणि जाऊ. पण जीव थाऱ्यावर नव्हता. टेबल, खिडकी, परत टेबल. आईला चार वेळा फोन लावला, तिने उचलला नाही. तरी मी बसून राहिले. सव्वातीनपर्यंत तेवीस कोट तपासले, प्रत्येकाच्या टॅगवर माझी सही आहे.

माझा स्वतःचा कोट मागच्या खुंटीला होता. नारिंगी, पण डावी बाही पिवळी. सॅम्पल शिवताना बाही चुकीची लागली, म्हणून मालकांनी तो मला देऊन टाकला. असा दुसरा कोट नाही, कारण ती चूक आमच्याकडे एकदाच झाली.

पावणेचारला पुन्हा शालूताई. रडत होती.

"भिंत आली गं तुमच्या घरावर... सगळं गेलं. पण बरं झालं तू वेळेवर पोचलीस."

"मी? अगं मी अंधेरीत आहे."

"चेष्टा करू नकोस. आत्ता मी पाहिली ना तुला, आईंना हाताला धरून उतरवत होतीस. तुझा तो पिवळ्या बाहीचा कोट. हाक मारली तर वळलीसुद्धा नाहीस."

मी मागे बघितलं. कोट खुंटीलाच होता, कोरडा ठणठणीत.

शाळेत पोचले तेव्हा आई बाकावर बसून चिक्की खात होती. अंगावर बॅगेतली सुकी साडी. कुलूप चेनला उघडं लटकत होतं, कुठे ओरखडा नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी आईला मिठी मारली आणि भरपूर रडले. ती वैतागली. म्हणाली, "आता कित्याक रडतंस? मघाशी वाटभर एक शब्द बोलाक नाय."

तेव्हापासून डोकं खाजवते आहे. कोणी स्वयंसेवक असेल तर ती बाही कुठून आली? कुलूप हलकं होतं, मान्य. मी स्वतः हेअरपिन घालून बघितली, नाही उघडलं.

आणि आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते, माझा चेडू, माझी लेक, धावत इला, म्हणून मी जिवंत. लोक माझं कौतुक करतात. दोन वर्षं मी ते गुपचूप घेतलं. जेवण गोड लागत नव्हतं. शेवटी गेल्या रविवारी पाहुणे गेल्यावर तिच्यासमोर बसले.

"आई, ती मी नव्हते. त्या दिवशी मी आलेच नव्हते."

वाटलं, घाबरेल, देवाचं नाव घेईल. तसं काही झालं नाही. मग ती कोण होती, हे तिने विचारलंच नाही.

"मगे तू खंय होतंस?" एवढंच म्हणाली. मी कुठे होते?

याचं उत्तर मला माहीत होतं. तेवीस टॅगवर माझी सही आहे.