मधली खाच

हेवा वाटायला मला फार मोठं कारण कधीच लागलं नाही. पंच्याऐंशी सालच्या आसपास मात्र कारण चांगलंच भक्कम होतं. मुलुंडच्या आमच्या कॉलनीत खालच्या मजल्यावर माझी मैत्रीण राहायची आणि तिचे स्केट्स माझ्या स्केट्सपेक्षा चांगले होते.

माझे लोखंडी होते. खाली चार चाकं, वर पत्रा. चावी फिरवून पत्रा पुढेमागे करायचा आणि पट्ट्यांनी कॅनव्हासच्या बुटाला आवळायचा. "पाय वाढला तरी चालतील," म्हणून वडिलांनी ते घेतले होते. चालायचे खरे, पण नाहूरच्या बाजूला झालेल्या नव्या रस्त्यावर वळण घेतलं की पट्टा सुटायचा. मी एकीकडे, स्केट दुसरीकडे. मैत्रिणीचे बूटवाले होते. पांढऱ्या चामडी बुटालाच चाकं जोडलेली, त्यामुळे पाय वळेल तशी चाकंही वळायची. मी तोंडाने "झकास!" म्हणायचे आणि आतून जळायचे.

आम्ही आठवीत असताना तिचे काका कॅनडाहून आले. दिवाळीनंतर हे सगळं कुटुंब कायमचं तिकडे जाणार होतं. काकांनी तिच्यासाठी बर्फावरच्या हॉकीचे स्केट्स आणले होते. "आत्तापासून घरात घालून फिर, म्हणजे बूट पायात बसतील," असं सांगून ते परत गेले. मुलुंडमध्ये बर्फ मिळायचा तो गोळेवाल्याकडे. तरी ती पात्यांवर प्लास्टिकची आवरणं चढवून दिवसभर घरात टक टक करत फिरायची, आणि तो आवाज आमच्या घरापर्यंत वर यायचा.

खोक्यात एक इंग्रजी पुस्तिका होती. ती तिने माझ्या हातात दिली. "तू वाच आणि मला सांग. तुझं इंग्लिश भारी आहे ना." तेवढी एकच गोष्ट माझी तिच्यापेक्षा बरी होती.

मी डिक्शनरी घेऊन चार दिवस बसले. पुस्तिकेत तीन जातीच्या स्केट्सची चित्रं होती. बर्फावर नाचणाऱ्यांचे स्केट उंच टाचेचे, पात्याच्या पुढच्या टोकाला दाते असलेले. शर्यतीचे बुटके, पण पातं लांबलचक आणि सपाट. हॉकीचे मला सगळ्यांत आवडले. चवडा कडक, घोटा घट्ट धरणारे, पातं आखूड आणि दोन्ही टोकांना वर वळलेलं, म्हणजे खेळता खेळता गर्रकन मागे फिरता यावं. पात्याच्या तळाला मधोमध बारीक खाच असते, तिच्यामुळे दोन कडा तयार होतात आणि त्या दोन कडांवरच खेळाडू वळतो. ठळक अक्षरांत लिहिलं होतं, धार खास यंत्रावरच लावावी, खाच जाऊ देऊ नये. मी हे सगळं तिला सांगितलं, फक्त शेवटचं तेवढं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे तेव्हा खरंच राहून गेलं.

नवरात्रात धारवाला आला. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची, म्हणून काकूंनी, म्हणजे तिच्या आईने, विळी, कात्री, अडकित्ता असं सगळं खाली नेलं. मग स्केट्सही मागवले. "पूजेला बोथट हत्यार कसं ठेवायचं?"

"बाई, ये क्या चीज है?" धारवाल्याने पातं उलटसुलट करून पाहिलं.

"बरफ पे चलने का. बराबर तेज करो."

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. "चालेल ना गं? पुस्तकात काय लिहिलंय?"

ठळक अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर होती. मी म्हटलं, "चालेल. धार असलेली बरीच."

त्याने पायाने चाक फिरवायला सुरुवात केली. ठिणग्या उडाल्या. पातं दोन्ही बाजूंनी तिरकं घासून त्याने खाच पार घालवली आणि विळीसारखी एकच धार आणली. काकूंनी कागद कापून पाहिला आणि खूश झाल्या. नवमीला त्या स्केट्सना हळदकुंकू लागलं, झेंडूची फुलं वाहिली. मी पेढा खाल्ला. मला वाईट वाटलं नाही, उलट गार वाटलं. जाऊ दे तिला कॅनडात, पडू दे पहिल्याच वळणावर, असं मी देवासमोर उभी राहून म्हटलं.

ते लोक गेले. जानेवारीत तिचं पत्र आलं. चार पानं बर्फाचं वर्णन, शाळेचं वर्णन, आणि मध्येच स्केट्सचं. "बर्फावर उभी राहिले आणि सरळ आपटले. काका पाती बघून हसत सुटले. त्यांनी दुकानातून नवी बसवून आणली, आता मस्त पळते. त्यांनी विचारलं, पुस्तिकेत एवढं ठळक लिहिलं होतं, कोणी वाचलं नाही का? मी म्हटलं, मीच वाचली होती, माझं इंग्लिश कच्चं आहे." पुढच्या ओळीत तिने माझ्या सहामाहीच्या मार्कांची चौकशी केली होती. रागाचा एक शब्द नव्हता.

मी ते पत्र कुणाला दाखवलं नाही. तिचे बूट, तिची चाकं, तिचा कॅनडा, सगळ्याचा मी हेवा करून चुकले होते. आता ती माझ्यापेक्षा चांगली होती, याचाही करू लागले. उत्तर लिहायला तीनदा बसले आणि तिन्ही वेळा फक्त मार्क लिहून थांबले. ते उत्तर मी कधीच पेटीत टाकलं नाही.