मांगं चालणारा

सिपना नदीच्या काठानं मी लहान्या नातीले घेऊन जंगलात फिरत होतो. ती गोटे वेचत मांगं रेंगाळे. तिच्याही मांगं एक माणूस, खांद्यावर कुऱ्हाड. आमी थांबलो का तोही थांबे अन् उगाच नदीकडं पाहे. मी नातीले जवळ ओढलं अन् ओरडलो, "काहून बे, पोरीवर डोळा हाये काय?"

"नाई बाबा. जंगलात लेकरू शेवटी ठेवत नाईत, त्याच्या मांगं मोठं माणूस लागते. तुमच्यासंगं तं कोनी नाई."

खरं होतं. मांगं चालणारी माही बायको औंदा मेली. तरी त्याच्यावर भरोसा बसेना. म्हटलं, "चाल मंग, पण कुऱ्हाडीचा दांडा गोट्यांवर वाजवत चाल. तू कुठी हायेस ते मले आयकू आलं पायजे."

तो हासला. सडक येईपर्यंत मांगून दांडा वाजत राहिला. मी एकदाही वळून पाह्यलं नाई.