दादाची ओढायची लिव्हर

उद्धवदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत इंग्रजीचे पेपर तपासत होतो. हातातला पेपर पुरा केला, मार्क मांडले आणि मगच उठलो… दादाच्या बाबतीत मी नेहमी असा मास्तरच राहिलो. त्याला आता सव्वा महिना झाला.

माझा हा चुलतभाऊ आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यात फिटर. दुष्काळात ऊसच नव्हता, कारखाना सलग दोन हंगाम बंद राहिला, तेव्हा त्याला संगणकावर विमान उडवायचा नाद लागला. बाजारची जॉयस्टिक त्याला पटेना. मूठ रुंद, बटण अंगठ्याच्या टप्प्याबाहेर, अर्ध्या तासात मनगट धरायचं. त्याने बाभळीची मूठ कोरली, स्प्रिंग सैल केली आणि वेग कमीजास्त करायला शेजारी लोखंडी लिव्हर बसवली. "हाताला इचारायचं, डोळ्याला न्हाई," म्हणायचा. फक्त त्याची लिव्हर उलटी होती. विमानात ती पुढे लोटली की वेग वाढतो. दादाची ओढली की वाढायची, कारण वाफेचा व्हॉल्व्ह त्याने तीस वर्षं ओढूनच उघडला होता. संगणकात 'उलट' या शब्दापुढे एक खूण केली की काम भागायचं.

चेअरमनच्या ओळखीने वैमानिक घडवणाऱ्या एका संस्थेचे साहेब ते पाहायला शिरूरला आले. पसंत पडलं तर बंद वर्कशॉपमधल्या पाच फिटरांना असे संच बनवायचं काम मिळणार होतं. उलटं का ठेवलंय ते मीच सायबाला सांगतो, असं दादाने आधीच बजावलं होतं. पण मला लाज वाटत होती. खेडवळ माणूस, उलटंच करणार, असं साहेब म्हणतील… दादा त्यांना आणायला फाटकापर्यंत गेला आणि मी ती खूण काढून टाकली. आल्यावर कानात सांगू म्हटलं, तर साहेबांसमोर तोंडच उघडेना. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल दादाचा होता.

पडद्यावरचं विमान सुरू होताच सुसाट निघालं. थांबवायला दादा लिव्हर पुढे लोटत राहिला, तसं ते आणखीच पळत कुंपणात घुसलं. साहेब हसले, चहा पिऊन गेले. दादा मान खाली घालून म्हणाला, "वायर काढून लावली की खूण जाती. म्या बघाया पायजे होतं."

"तसंच झालं असेल," मी म्हणालो. ते शब्द आठवले की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

पाचातले तिघे त्या वर्षी कोयता घेऊन परमुलखात ऊसतोडीला गेले. दादा पुन्हा संगणकापुढे बसला नाही.

दहाव्याला वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भाऊजी, ते म्हनायचे, माज्या चुकीनं पाच घरांचं काम गेलं. लई लावून घेतलं हुतं. तुमाला काई ठावं हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

वहिनींना रविवारची ही पुरवणी शेजारची सून वाचून दाखवते. पोरी, वर माझं नाव छापलंय, तेही वाच.