पूजेतले स्टँड

अमरावतीच्या घरामागे मी गाड्यांच्या कामासाठी गॅरेज उभारते आहे. काल गाडी पेलणारे लोखंडी स्टँड आणले आणि ग्रीसच्या वासासरशी अकोल्यातली खंडेनवमी आठवली. बाबांच्या गॅरेजमधली सारी हत्यारे झेंडूखाली पूजेत होती. धारणीला निघालेली एक जीप दारात बंद पडली. बाबांनी ती तिच्याच जॅकने उचलली आणि खाली विटा रचल्या.

"अवो, स्टँड घ्या ना," आई म्हणाली.

"पूजेतलं आज हालवत नाई. पाच मिनटाचं तं काम हाय."

ते जीपखाली शिरले आणि जॅक सरकला. वीट ठिसूळ असते, इशारा न देता फुटते, हे मी पुढे शिकले. जीप बाबांच्या छातीवर आली. मी हळदकुंकवाचा स्टँड ओढत नेला, तोवर त्यांचा श्वास थांबला होता. पूजेतले हलवले म्हणून मला कोणीही अडवले नाही.